सिंधुकाकूला बसवणार कोण

तीन दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती. चौथ्या दिवशी ऊन पडलं, तशी धानोऱ्यातली झाडून सगळी माणसं सोयाबीन काढायला रानात पळाली. आणखी एक सर आली असती तर शेंगेतल्या शेंगेत मोड फुटले असते. मजूर कुणालाच मिळत नव्हते, तिथं सिंधुकाकूला कुठून मिळणार. तिनं विळा घेतला, फडक्यात भाकरी बांधली आणि एकटीच ओढ्यापलीकडच्या आपल्या रानात गेली.

काकू अडुसष्ट वर्षांची. नवरा जाऊन सोळा वर्षं झालेली. पोटी मूलबाळ नाही. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आणि अडीच एकर काळी जमीन, एवढाच तिचा संसार. पाठीत वाकली होती, पण कापायला बसली की अजून चाळिशीतल्या बायकांच्या बरोबरीनं पात ओढायची.

तीन पाती झाल्या. चौथी धरायला ती बांधावर आली आणि ओल्या चिकणमातीवर पाय सरकला. पडताना उजवा हात पुढं गेला. खाली दगड होता. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. उठायला गेली तर कमरेतून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

तिनं हाका मारल्या. पलीकडच्या शिवारात मळणी यंत्र चालू होतं, त्याच्या आवाजात तिची हाक विरून जात होती. ऊन चढलं. कानाच्या पाळीवर मुंग्या चढल्या, त्या तिनं डाव्या हातानं झाडल्या. कावळ्यांनी फडकं सोडून भाकरी नेली, ते ती पडल्या पडल्या बघत राहिली.

मरणाची तिला भीती वाटली नाही. भीती वाटली ती निराळ्याच गोष्टीची. धानोऱ्यात लिंगायतांची घरं जास्त. माणूस गेलं की त्याला जाळत नाहीत, आडवंही पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. हे बसवणं अंग आखडायच्या आत व्हावं लागतं. कुणी बाई वारली की तीस वर्षं गाव सिंधुकाकूलाच बोलवत आलं होतं. सासूनं तिला ते शिकवलं होतं. धानोऱ्यात अशी गल्ली नव्हती, जिथली एखादी म्हातारी तिच्या हातून बसली नाही.

आणि आता आपण इथं गेलो तर, तिच्या मनात आलं, आज कुणी विचारणार न्हाई. उद्या सापडू, न्हाईतर परवा. लाकूड होऊन. जसे सापडू तसेच पुरतील.

दुपार कलल्यावर मोपेडचा आवाज आला. औशाचा मकबूल होता. गावोगाव फिरून फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. काकूचा पंप घरी द्यायला गेला तर घराला कुलूप, म्हणून रानात घेऊन आला होता.

"काकू? काय झालं?"

"पडले. मकबूल, मला आधी बसव."

"हात मोडलेला दिसायलाय. हलू नका. मी गाडी बोलवतो."

"गाडी मागून बोलव. आधी बसव म्हणते न्हवं."

मकबूलनं तिच्या काखेत हात घालून तिला ओढत लिंबाच्या खोडाला टेकवून बसवलं. इतका वेळ तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. बसल्यावर मात्र तिला रडू आलं. मकबूलला वाटलं, कळ लागली.

लातूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. खिडकीतल्या बाईनं कागद पुढं ओढला.

"सोबत कोण आहे? नाव?"

"मकबूल."

"पेशंटचं आणि तुमचं नातं?"

"मी पंप दुरुस्त करतो," मकबूल म्हणाला.

"नातं विचारते मी."

मकबूलनं काकूकडं बघितलं. चाकाच्या खुर्चीतून काकू म्हणाली, "वळखीचा लिवा."

"तसं नाही आजी. मुलगा, मुलगी? भाऊ?"

"न्हाई."

"कुणीच नाही?"

बाई वाईट बोलली नव्हती. पण खिडकीच्या काचेमुळं तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि बाकड्यावर बसलेली दहा-बारा माणसं वळून काकूकडं बघायला लागली. काकूनं पदर पुढं ओढला. "पुतण्या हाय," ती म्हणाली. "हितंच लातुरात."

दयानंदचं नळाच्या सामानाचं दुकान होतं. मकबूलनं फोन लावला. दयानंद माल आणायला सोलापूरला गेला होता. तो म्हणाला, सकाळी येतो, तोवर तुमीच सही करा. सही झाली. बाईनं नात्याच्या रकान्यात 'परिचित' असं लिहिलं. मग वॉर्डातली परिचारिका म्हणाली, बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुष चालत नाही, सोबत बाई लागते. मकबूलनं पुन्हा फोन काढला आणि औशाहून आपल्या बायकोला बोलवून घेतलं.

सालेहा खिचडीचा डबा घेऊन आली. पंचावन्नची, अंगानं भरलेली, जिना चढून दम लागलेला. हाताला प्लास्टर घालून झालं होतं, कमरेला नुसता मुका मार होता, पण कूस बदलायची म्हटलं तरी काकूचा जीव जायचा. सालेहानं एक हात मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि काकूला कळायच्या आत तिला कुशीवर केलं. जराही दुखलं नाही.

"हे कुठं शिकलाव?" काकूनं विचारलं.

सांगावं की नको, असं सालेहाला झालेलं दिसलं.

"मैं मय्यत को नहलाती, मौसी. औसे में. औरतों को," ती हळूच म्हणाली. "बुरा मत मानो. हात धो के आयी मैं."

काकू हसली. दिवसभरात पहिल्यांदा. "बुरा कशाचं. मी बसवते."

सकाळी व्हरांड्यात ऊन आलं, तिथं सालेहानं तिला खुर्चीत आणून बसवलं. दोघी आपापल्या कामाचं बोलत बसल्या. पाणी किती ऊन घ्यायचं. हनुवटीला पट्टी कधी बांधायची. जड बाई असली तर काय करायचं. बाजूच्या खाटेवरची बाई ऐकता ऐकता उठून आत गेली.

"तुमाला लेकरू?" काकूनं विचारलं.

"नहीं हुआ." सालेहा चहात पाव बुडवत म्हणाली. "मेरा कफन पेटी में है. कौन नहलाएगा, तीन औरतों को बोल के रखी मैं. पेटी की चाबी बाजूवाली लुबना के पास. औलाद नहीं, तो सब पहले बोल के रखना पड़ता ना."

"वाईट न्हाई वाटलं? सांगताना?"

"पहले लगा. फिर नींद अच्छी आने लगी." सालेहानं पाव संपवला. "आपने किसको बोल के रखा?"

"कुणालाच न्हाई."

"क्यूँ?"

तीस वर्षं काकू दुसऱ्यांच्या दारात गेली होती. आपल्या दारात कोण येईल, हा विचार तिनं कधी पुरता केलाच नव्हता.

दयानंद दहा वाजता सफरचंदं घेऊन आला. काकूच्या पाया पडला. मकबूलचे आभार मानले. सालेहाला काय म्हणावं ते त्याला कळलं नाही. "काकू, आता एकटी राहू नको," तो म्हणाला. "इकडं ये लातूरला. जिना चढावा लागतो तेवढाच." तिसरा मजला होता. काकू म्हणाली, बघू.

घरी आल्यावर चार दिवस शेजारच्या पुनमनं भाकरी दिली. राहिलेलं सोयाबीन पुनमच्याच नवऱ्यानं काढून दिलं. माणसं वाईट नव्हती. सोमवारी बचत गटाच्या बायका महादेवाच्या देवळात जमल्या. हप्त्यांचं बोलणं झालं, दिवाळीला एकत्र तेल आणायचं ठरलं, तशी काकू खांबाला धरून उभी राहिली.

"मला एक बोलायचंय. हात तर माझा बरा हुईल. पन मी कवातरी जाणारच की. मला बसवायला कुणीतरी शिकून ठेवा. न्हाईतर मी गेल्यावर ह्या गावात कुणालाच येत न्हाई. आन दुसरं, रोज सकाळी माझं दार उघडलंय का, तेवढं कुणीतरी बघत जावा."

समोर बसलेल्यांपैकी नऊ जणींच्या सासवा तिनं बसवल्या होत्या. त्या नऊ जणी फरशीकडं बघत होत्या.

"सणाच्या तोंडावर असं कामून बोलताव, काकू," पुनम म्हणाली.

"तुमी शंभर वर्षं जगताव," मागून कुणीतरी म्हणालं. एक-दोघी हसल्या. मग गटाच्या अध्यक्षीणबाईनं विचारलं, तेल सोयाबीनचं आणायचं का करडईचं. त्यावर मात्र सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

काकू घरी आली. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ती चुलीपुढं बसून राहिली. देवळात बोलताना तिचा आवाज कापला होता, त्याचीच तिला जास्त लाज वाटत होती. मागायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आरती उभी होती. गावातल्या संगमेशची बहीण. छत्तीस वर्षांची. नवऱ्यानं दुसरी बायको केली, तेव्हापासून सहा वर्षं भावाकडं राहत होती. दिवसभर लोकांच्या रानात खुरपायची, स्वयंपाकघरात झोपायची. बचत गटात होती, पण बोलायची नाही. काल ती अगदी मागं, चपलांपाशी बसली होती.

"दार उघडलंय, बघितलं," आरती म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

"मग ये की आत."

आरती उंबऱ्यावर टेकली. "मला शिकवा."

"भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय की."

"मग कशाला शिकतीस?"

आरतीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आई गेली तवा मला सासरहून धाडलं न्हाई. आले तवर माती झालती. संगमेश मनला, सिंधुकाकूनं लई चांगलं बसवलं, आई झोपल्यावानी दिसत हुती. मी ते बघितलं न्हाई." जरा वेळानं ती म्हणाली, "आन माझं तरी कोण हाय, काकू. आज तुमी शिकवलं, तर उद्या मी कुणाला तरी शिकवीन. ती मला बसवील."

काकूनं चहाचं आधण ठेवलं. डाव्या हातानं साखर सांडली, ती आरतीनं पुसून घेतली.

शिकवायचं कसं, हा प्रश्नच होता. पोत्यात भुसा भरून बघितला, पण पोत्याला गुडघे नसतात. शेवटी काकूच भिंतीपाशी चटईवर आडवी झाली.

"मी मेले समज."

"काकू, तुमी श्वास घ्यायलाव."

"मग काय करू? घे, मान धर. तशी न्हाई, खालून. लेकराला धरतीस तशी."

पहिल्या दिवशी आरतीचे हात गार पडले होते. काकूच्या अंगाला हात लावायलाच ती बिचकत होती. काकूनं तिचा हात धरून आपल्या गुडघ्यावर ठेवला. हा सांधा आधी धरतो. हनुवटी त्याच्याही आधी, म्हणून पट्टी पहिल्यांदा. मांडी घालताना ओढायचं नाही. ओढलं की अंग अडतं. आखडलेलं असलं तर ऊन पाण्यात फडकं पिळून सांध्यावर ठेवायचं, थांबायचं, मग हाताच्या वजनानं वाकवायचं. घाई बघणाऱ्यांना असती, गेलेल्याला नसती. गळ्यातलं इष्टलिंग सोडवून डाव्या तळहातावर ठेवायचं. मग पाठीला भिंत, काखेतून कापड, आणि कापड खुंटीला.

चौथ्या दिवशी पुनम वाटीत चटणी घेऊन आली. बघते तर काकू भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली, हनुवटीला पट्टी, काखेतून धोतराचा पट्टा खुंटीला बांधलेला. पुनमच्या हातातली वाटी पडली. काकूनं डोळे उघडले. पट्टीमुळं तिला बोलता येईना.

"तालीम चालू हाय," आरती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सिंधुकाकू मरायची तालीम करायलीय. पारावरच्या म्हाताऱ्यांना दोन दिवस तेवढंच पुरलं. आरतीच्या भावजयीनं तिला बाहेर आंघोळ करून मगच घरात यायला सांगितलं. आरतीनं ते ऐकलं. सकाळी यायचं मात्र तिनं सोडलं नाही.

आठवड्यानं दयानंद आला. मोटारसायकल लावली आणि पाणीही न पिता बोलायला लागला.

"काकू, हे काय चाललंय? दुकानात येऊन लोक मला विचारायलेत. तुझ्या चुलतीला कुणी न्हाई का मनून."

"तू काय मनलास?"

"मी काय मनणार? मी हाय न्हवं."

"बस," काकू म्हणाली. "मला सांग, मी गेले तर तू बसवशील?"

दयानंदनं भिंतीकडं बघितलं. "ते बायकांचं काम असतंय. आन आजकाल सगळं मिळतंय. माणसं येतात, करतात. शहरात कोण ह्यात हात घालतंय."

"मी शहरात न्हाई." ती उठून त्याच्यासमोर बसली. "रागावू नको. तुला वंगाळ मनत न्हाई मी. तू दुकान सोडून कितींदा येशील? पन मला कळाया पायजे, कोण काय करणार. आरती, ते कागद आण."

वहीच्या दोन पानांवर आरतीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं. काकू सांगत गेली होती, ती लिहीत गेली होती. सकाळी दार बघायचं आरतीनं, आणि लवकर बाहेर जायचं असलं तर काकूनं आधी सांगून जायचं. ती गावाला गेली तर पुनमनं. कमीजास्त झालं तर पहिला फोन आरतीला, मग दयानंदला, मग औशाच्या मकबूलला, कारण गाडी तो लवकर आणतो. दवाखान्यात सही दयानंदची. तो नसला तर मकबूलची चालेल, असं दयानंदनं लिहून द्यायचं. नाकात नळ्या घालून महिना-महिना ठेवायचं नाही, घरी आणायचं. बसवायचं आरतीनं. जागा ओढ्यापलीकडच्या रानात, नवऱ्याच्या समाधीच्या डाव्या अंगाला. रान नंतर दयानंदचं, पण त्या दोन जागांवर नांगर फिरवायचा नाही.

दयानंदनं दोनदा वाचलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"ह्यात मी कुठं हाय, काकू? सही आन फोन. मग मी कोण तुझा?"

काकूला हे अपेक्षित नव्हतं. तिला वाटलं होतं, रान नावावर कधी करतीस, असं विचारील.

"खड्डा तू खण," ती म्हणाली. "पैसे देऊन मशीन आणू नको. तुझ्या काकाचा खड्डा तुझ्या बापानं खणलाय. कुदळीनं. आत पायऱ्या, आन बसवायला बाजूला कोनाडा."

"मला येत न्हाई ते."

"मग शीक. आरती न्हाई का शिकायली?"

आरती चुलीपाशी पाठ करून बसली होती. दयानंदनं तिच्याकडं बघितलं, मग खिशातून पेन काढलं. खाली त्यानं आपलं नाव लिहिलं, आणि वर एका ओळीच्या कडेला, जागा नव्हती तरी कोंबून: खड्डा, दयानंद. मग त्यानं पाणी मागितलं.

दिवाळी झाली. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस आले. एके दिवशी सकाळी सातला वीरभद्र दारात आला. अंगावर बनियन, पायात चपला नाहीत.

"काकू, आई गेली."

वीरभद्रची आई नागरबाई. ऐंशीच्या पुढची. वीरभद्र रात्री ज्वारीला पाणी द्यायला रानात होता, सून माहेरी गेलेली. सकाळी तो आला तेव्हा म्हातारी खाटेवर कुशीवर होती, एक हात डोक्याच्या वर गेलेला.

काकूनं प्लास्टरचा हात त्याला दाखवला. "आरती येईल," ती म्हणाली. "मी बसते बाजूला."

घरात बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. काकूनं डाव्या हातानं नागरबाईची हनुवटी चाचपली, मग गुडघा. पहाटेच्याही आधीच गेली होती. हनुवटी धरलेली, गुडघे अर्धे. वर गेलेला हात तर ताठ.

"विधी करायला मल्लिकार्जुन स्वामी आलेत," वीरभद्र म्हणाला. "ते मनले, बसत नसतील तर आडवंच ठेवू. चालतंय मनले."

सगळ्यांनी काकूकडं बघितलं. काकूनं आरतीकडं बघितलं. आरतीचा चेहरा पांढरा पडला होता. ती खाटेजवळ गेली, खाली वाकली, नागरबाईच्या गुडघ्यावर तिनं हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"बसतील," ती म्हणाली. "ऊन पाणी लागंल. लई."

पाणी कुणी तापवायचं, यावर बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पुनम निघाली. तिनं अंगणातल्या चुलीत कापसाची पऱ्हाटी घातली आणि पहिली घागर तापायच्या आत दुसरी भरून ठेवली.

पुरुषांना बाहेर काढलं. आरतीनं फडकं पिळलं आणि हातापासून सुरुवात केली. खांदा, मग कोपर. फडकं गार झालं की पुनम दुसरं द्यायची. सिंधुकाकू हे काम नेहमी दात मिटून करायची, एक शब्द न बोलता, लवकर उरकावं म्हणून. आरती बोलत होती.

"आत्या, खांदा घेते हं. घाई न्हाई. आता गुडघा घेते, आत्या. दुखलं तर सांगा."

एका बाईला हसू आलं, पण ते तिच्या ओठांतच राहिलं. काकूनं असं कधी केलं नव्हतं. सासूनंही शिकवलं नव्हतं. हे आरतीनं स्वतःचं आणलं होतं.

एक गुडघा वाकला. दुसरा वाकेना. अर्धा तास गेला. आरतीच्या कपाळाचा घाम डोळ्यांत जात होता आणि तिचे हात ऊन पाण्यानं लालभडक झाले होते. बाहेरून कुणीतरी विचारलं, व्हायलंय का न्हाई. काकूचा डावा हात आपोआप पुढं गेला. मग तिनं तो मागं घेतला आणि पदराखाली दाबून धरला.

"थांबा मनावं," आरती म्हणाली. वळूनही न बघता.

तिनं पुन्हा फडकं ठेवलं. वाट बघितली. हाताचं वजन टाकलं. सांधा सुटला तो एकदम, आणि नागरबाई सगळीच पुढं आली. तिचं डोकं आरतीच्या खांद्यावर पडलं. बायका मागं सरकल्या. आरतीनं म्हातारीच्या पाठीवर हात टाकला आणि तसंच धरून ठेवलं, आपला श्वास खाली बसेपर्यंत. मग तिला हळूच भिंतीला टेकवलं, मांडी घातली, काखेतून कापड घेतलं, केस सारखे केले. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. टाचांच्या भेगांना खोबरेल लावलं, ते तर कुणी सांगितलंच नव्हतं.

दार उघडलं. वीरभद्र आत आला, आईकडं बघत राहिला आणि उंबऱ्यावरच खाली बसला.

"पूजेला बसायची तशी बसलीया," तो म्हणाला आणि मोठ्यानं रडायला लागला.

काकू भिंतीपाशी होती. आपल्याला असंच धरतील. असंच विचारून विचारून. तिला एकदम भूक लागली. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

दुपारी रानात माती झाली. काकू बायकांबरोबर बांधावर थांबली होती. खड्ड्यातून वर येणाऱ्या माणसांत तिला दयानंद दिसला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगभर काळी माती. त्याला वीरभद्रचा फोन गेला होता, तसा तो दुकान बंद करून आला होता. खड्डा कसा खणतात ते शिकायला आलो, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. आधी माणसं हसली, मग त्याच्या हातात कुदळ दिली.

तो काकूजवळ येऊन बसला. दोन्ही तळहातांना फोड आले होते. त्यातला एक फुटला होता, त्यावर तो फुंकर मारत होता.

"वरची माती बरी हाय," तो म्हणाला. "चार हातांखाली लई कडक लागतीया, काकू. उन्हाळ्यात तर कुदळ शिरायची न्हाई. तू पावसाळ्यात जा."

"बघते," काकू म्हणाली. "पन पावसाळ्यात सोयाबीन असतंय."

दयानंद हसला. हसता हसता त्यानं मान खाली घातली आणि शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं.

त्यानंतर तीन दिवसांनी काकू दिवस उगवायच्या बेताला उठली. जमिनीत ओल होती, आणि अजून दोन दिवस गेले असते तर ती उडाली असती. सगळं रान ट्रॅक्टरनं पेरून झालं होतं, फक्त समाधीजवळचा कोपरा राहिला होता, कारण तिथं ट्रॅक्टर वळत नाही. तिनं हरभऱ्याची पिशवी काखेत मारली, दाराला कुलूप घातलं आणि रानात गेली. तिथं डाव्या हातानं काडीनं भोक पाडायची, एक-एक दाणा टाकायची, पायानं माती लोटायची. जमत होतं. दोन ओळी झाल्या. गार वारा होता आणि ओढ्यात पाण्याचा आवाज होता.

तेवढ्यात बांधावरून आरती पळत आली. डोक्यावर पदर नाही, एका पायात चप्पल.

"कुलूप हुतं," ती धापा टाकत म्हणाली. "हाका मारल्या. खिडकीतनं बघितलं. पुनमला उठवलं, तिचा नवरा विहिरीकडं गेलाय बघायला. मी दयानंदला फोन लावला."

"अगं, ओल जायली हुती मनून लवकर..."

"काय ठरलंय आपलं? दार उघडं ठेवायचं न्हाईतर सांगून जायचं. लिवून ठेवलंय की. तुमीच सांगितलाव, मीच लिवले. असं करणार असलाव तर उद्यापून मी येणार न्हाई." तिचे डोळे भरले होते, आणि आवाज इतका चढला होता की ओढ्यावर गुरं पाजणारा माणूस थांबून बघायला लागला.

काकू हातातल्या दाण्यांकडं बघत उभी राहिली. नवरा गेल्यापासून तिला कुणी असं रागावलं नव्हतं.

"चुकलं," ती म्हणाली. "उद्या सांगून जाईन."

आरतीनं डोळे पुसले. दयानंदला परत फोन करून सांगितलं, सापडल्या, रानात हायत. मग राहिलेली चप्पलही काढून बांधावर ठेवली, साडी खोचली आणि काकूच्या हातातली काडी घेतली.

"मी भोक पाडते. तुमी दाणे टाका. आन दोन-दोन टाका, एकाचा भरवसा नसतो."

दोघी तिसऱ्या ओळीला लागल्या.